शून्य का नाही?

एमडी सोडवायची गोळी नसते. एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. माझं म्हणणं त्यांना नीट कळलं नसावं असं मला वाटलं. त्यांनी न चिडता उलगडून सांगितलं. गर्द घेणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देता येतं. दारूसाठी डायसल्फिरम आहे, नालट्रेक्सोन आहे. पण मेफेड्रोन, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात, त्याची ओढ तोडणारं मान्यताप्राप्त औषध अजून कुठेच नाही. झोप लागावी, संशय कमी व्हावा, उदासी उतरावी म्हणून गोळ्या देतो, म्हणाले. मुख्य उपचार बोलण्याचा.

"बोलण्याचा म्हणजे?"

"म्हणजे तो बोलेल. तुम्हीही बोलाल."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बोलणं हे माझं रोजचं काम. आणि माझ्या धाकट्या भावाशी तर आमच्या घरातलं प्रत्येक माणूस कित्येक महिने बोलतच होतं. आई रडून बोलायची, मी समजावून बोलायचे, मुंबईचे काका फोनवर दम देऊन बोलायचे. गावकीतल्या वडीलधाऱ्यांनीही त्याला बसवून घेतलं होतं. बोलण्याने माणूस सुटणार असता तर हा केव्हाच सुटला असता. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले ती पूर्ण गोंधळून.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या अंगाला. मी नोकरीमुळे महाडात राहते. धाकटा आयटीआय करून महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला, केमिकल कंपनीत, बहुतेक रात्रपाळीला. पहिली पुडी त्याला जागं राहण्यासाठी मिळाली. चैन म्हणून, संगत म्हणून हे सुरू होतं असं आपण धरून चालतो. त्याच्या बाबतीत ते डबल ड्यूटी निभावण्यासाठी सुरू झालं. सलग दोन-दोन रात्री जागायचा, मग दिवसभर मेल्यासारखा पडायचा. जेवण तुटलं, गालफडं बसली. खिडकीबाहेर कोणीतरी उभं आहे असं म्हणत दार लावून घ्यायचा. आईच्या कानातल्या कुड्या गेल्या तेव्हा आम्हाला शंका राहिली नाही.

त्यानंतर आम्ही जे जे केलं ते आपल्याकडे कुठलंही घर करतं. उतारा टाकला. देवळात नेऊन शपथ घातली. 'लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल' असं सांगणारे आले. त्यांचं ऐकलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. कोणीतरी जेवणात गुपचूप कालवायची पावडर आणून दिली. ती दारू सोडवण्याची होती. डायसल्फिरम असं न सांगता पोटात गेलं आणि वर दारू प्यायली, तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो, हे मला नंतर समजलं. आमच्या घरी ती पुडी उघडली गेली नाही, पण तालुक्यात अशा पुड्या सर्रास फिरतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

दवाखान्यात जायला आम्ही उशीर केला तो पोलिसांच्या भीतीने. मेफेड्रोन 2015 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. नाव काढलं की पोराला आत टाकतील, असं आईच्या मनात बसलं होतं. त्याच 1985 च्या कायद्यात 64-अ हे कलम आहे. स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, पुरे करतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. पहिली शंका आली तेव्हाच हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर कदाचित कुड्या कानात राहिल्या असत्या.

2023 च्या दिवाळीनंतर आम्ही त्याला माणगाव, ताम्हिणीमार्गे पुण्याला नेलं, येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये. नाव ऐकून होते. अनिल अवचटांची पुस्तकं डी.एड.च्या वेळी वाचली होती. पण मुक्तांगण उभं राहिलं त्यात त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता अवचट, यांचा वाटा किती मोठा होता ते तिथे गेल्यावर कळलं. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात केंद्र सुरू झालं. सुनंदाताई 1997 साली कॅन्सरने गेल्या, अवचट 2022 च्या जानेवारीत. आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर केंद्राचं काम पाहतात. मला सगळ्यात मोलाची वाटते ती सुनंदाताईंनी पहिल्यापासून धरलेली वाट: मारायचं नाही, अपमान करायचा नाही, माणसाला माणूस म्हणून वागवायचं. व्यसनमुक्तीच्या नावाखाली पोरांना बांधून ठेवणाऱ्या, मारणाऱ्या जागांबद्दल मी पालकांकडून ऐकलं आहे, म्हणून या साध्या वाक्याची किंमत मला फार वाटते.

समुपदेशकाबरोबरच्या पहिल्या बैठकीला मी वही घेऊन गेले होते. काय काय घडलं ते तारखेनिशी लिहिलेलं. पगार किती उडाला, कोणाकडून किती उसने, आईला काय बोलला. समोरचे दादा स्वतः एकेकाळी गर्द ओढायचे, आता कित्येक वर्षं क्लीन आहेत, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. वही त्यांनी घेतली, बाजूला ठेवली, म्हणाले, "ताई, हे आपण नंतर बघू." मग धाकट्याकडे वळून विचारलं, "शून्य ते दहामध्ये, सोडावंसं किती वाटतं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चार."

माझा जीव कळवळला. आईचे दागिने, घराची अब्रू, सगळं जाऊन याला सोडावंसं वाटतं चार! आता दादा विचारतील, दहा का नाही, असं मला वाटलं. मी तेच विचारलं असतं. त्यांनी विचारलं, "चार? शून्य का नाही?"

हा काय प्रश्न झाला, मला कळेना. पण धाकट्याने मान वर केली. म्हणाला, रात्री छाती इतकी धडधडते की सकाळ बघेन का असं वाटतं. म्हणाला, भाचीने परवा मामा म्हणून हाक मारली आणि मी घाबरून ओरडलो, ती रडायला लागली, ते डोक्यातून जात नाही. ती माझी मुलगी. हा प्रसंग मला माहीत नव्हता. तो पुढेही बोलत राहिला, म्हणाला आईच्या तोंडाकडे बघवत नाही. कित्येक महिने आम्ही त्याला जी कारणं ऐकवत होतो, त्यातली निम्मी तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता, आणि शिवाय आम्हाला ठाऊक नसलेली.

दादांनी नंतर मला समजावून सांगितलं. माणूस दुविधेत असतो. त्याच्या मनात सोडण्याच्या बाजूची कारणं असतात तशी न सोडण्याच्या बाजूचीही. आपण सोडण्याची बाजू जोरात मांडायला लागलो की त्याच्या वाट्याला दुसरी बाजू उरते, आणि ती मांडता मांडता ती त्याला स्वतःलाच पटत जाते. 'दहा का नाही' विचारलं असतं तर त्याने सहा अडचणी सांगितल्या असत्या. ही रीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये पहिल्यांदा लिहून मांडली, दारूच्या रुग्णांबरोबर काम करताना. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर तिचं पुस्तक झालं. जगभर आता ती वापरली जाते. मी मात्र त्या दिवशी एवढंच पाहिलं, की एका प्रश्नाने माझा भाऊ बोलता झाला.

मुक्तांगणमधला उपचार 35 दिवसांचा. पहिले दिवस शरीराला सावरण्यात गेले, त्याला भूक लागली, झोप लागली. मग रोजची ठरलेली दिनचर्या, योगासनं, कामं, ग्रुप, एकट्याचं समुपदेशन. ग्रुपमध्ये काय होतं हे तो मला सगळं सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथलं तिथे राहतं. एवढं म्हणाला, की गोल करून बसतात, एक जण बोलतो, बाकीचे मध्ये तोंड घालत नाहीत, सल्ला देत नाहीत. पहिल्या आठवड्यात तो फक्त नाव सांगून बसला. नंतर एका मोठ्या हुद्द्यावरच्या गृहस्थांनी स्वतःचं सांगितलं, आणि याला वाटलं, अरे, ही तर माझीच गोष्ट. अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात 1935 साली दोन दारुडी माणसं एकमेकांशी बोलत बसली, त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं; भोगलेला माणूस भोगणाऱ्याशी बोलतो तेव्हा ते आत पोचतं, हा त्यांचा अनुभव आजही कामी येतो आहे.

एकट्याच्या समुपदेशनातलं मला जास्त कळलं, कारण त्याचा कागद त्याने मला दाखवला. मला वाटलं होतं बालपण, स्वप्नं, मनाच्या खोल गोष्टी असतील. कागदावर होतं ते असं: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, त्याआधी काय झालं, आधी मनात काय आलं, घेतल्यावर तासाभराने कसं वाटलं, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. पगाराची तारीख. रात्रपाळी संपल्यावर बिरवाडीच्या नाक्यावरचा चहा. सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला तो दिवस. एका मित्राचा ठरावीक वेळचा मिस्ड कॉल. सगळं मांडलं तेव्हा दिसलं, की त्याचं घेणं अचानक कधीच होत नव्हतं. त्याला वाटा होत्या, आणि वाट दिसली की ती बदलता येते. पगार आईच्या खात्यात जायला लागला. नाका टाळायला बसचा थांबा बदलला. मित्राचा नंबर ब्लॉक करायचं ठरलं, तेव्हा आधी त्याला काय सांगायचं याची दादांनी तालीम घेतली. दादा मित्र झाले आणि आग्रह करत राहिले, याने नाही म्हणायचं, पुन्हा नाही म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. शाळेत मी मुलांकडून नाट्यीकरण करून घेते. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतलेल्या दुखण्यात तेच साधन वापरतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तलफ येते तेव्हा काय करायचं, हे त्याला शिकवलं ते मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. ती दाबायची नाही, तिच्याशी भांडायचं नाही. शरीरात कुठे जाणवते, छातीत की जबड्यात, ते बघायचं, घड्याळ बघायचं, आणि थांबायचं. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ती उतरते. दादा तिला समुद्राची लाट म्हणायचे. धाकट्याने स्वतःचं उदाहरण शोधलं. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी सावित्रीत महाडच्या बाजूला चढतं आणि आपल्या वेळेला परत फिरतं, तसं, म्हणाला. त्याला कोणी अडवत नाही, कोणी ढकलतही नाही.

मग आम्हा घरच्यांची बैठक. व्यसन त्याचं, मग आम्हाला कशाला, हा आईचा प्रश्न माझाही होता. तिथे आईला विचारलं, घरात कोणाला वाईट वाटलं तर काय करता? आई म्हणाली, "काय करायचं? काम करायचं." खरंच होतं ते. आमचे वडील गिरणी कामगार. 1982 च्या संपानंतर गिरणीची नोकरी गेली, ते गावी परतले आणि पुढची सगळी वर्षं त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पोलादपूरच्या कितीतरी घरांत असे बाप होते. 2021 च्या जुलैत तळियेला दरड कोसळली, साखर सुतारवाडीला कोसळली, महाड पाण्याखाली गेलं. आमच्या नात्यातली माणसं त्यात गेली. धाकटा चिखल उपसायला पहिल्या दिवसापासून होता. त्याने काय पाहिलं हे त्याला घरात कोणी विचारलं नाही. आम्हीही आपापल्या कामाला लागलो होतो. त्या बैठकीत तो त्याबद्दल बोलला. आई ऐकत राहिली आणि मग तीही वडिलांच्या संपाबद्दल बोलली, जे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दरडीमुळे तो एमडीकडे वळला असं मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. पण दुखलं तर सांगायचं कुठे, याला आमच्या घरात जागा नव्हती, आणि उपचाराचा एक भाग ती जागा करण्याचा होता.

तो येरवड्यात असतानाच डिसेंबरमध्ये खोपोलीजवळ एमडी बनवणारा कारखाना रायगड पोलिसांनी पकडल्याची बातमी आली. आमच्याच जिल्ह्यात. पुढे किती पोरांपर्यंत तो माल पोचला असता, या विचाराने मी रात्रभर जागी होते.

घरी आल्यावर शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला पालखी घरोघर नाचते, चाकरमानी येतात, बाटल्या निघतात. पालखीला खांदा द्यायचा की नाही, इथपर्यंत त्याने फोनवर दादांशी बोलून ठरवलं होतं. खांदा दिला आणि पालखी पुढच्या घरी गेली तसा तो माझ्याबरोबर घरी परतला. शिमगा निभावला. गणपतीत नाही निभावलं. विसर्जनानंतर मुंबईला परतणाऱ्या मित्रांना सोडायला म्हणून गेला आणि रात्रभर आला नाही.

सकाळी तो ओसरीवर बसला होता आणि म्हणत होता, संपलं, आता सगळं संपलं. आईने कपाळावर हात मारला. मी फोन लावला. दादांनी त्याला रागावलं नाही, 'हरकत नाही' असंही म्हटलं नाही. विचारलं, जायचं ठरलं तेव्हापासून गाडीत बसेपर्यंत काय काय झालं, सांग. परत तोच कागद. अॅलन मार्लट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1985 च्या आपल्या पुस्तकात हे मांडलं आहे: एकदा घसरण्यापेक्षा 'आता सगळं संपलं' हा विचार जास्त घात करतो, कारण त्या विचारापाठोपाठ माणूस खरोखर जुन्या जागी जातो. घसरणं का झालं हे शोधायचं, नवी वाट बंद करायची, आणि त्याच दिवशी पुन्हा सुरुवात करायची. त्या दिवशी शाळेत जाऊन मी पाढे घेतले, पण माझं लक्ष फोनवर होतं. संध्याकाळी तो भात जेवला आणि झोपला. त्यानंतर आजपर्यंत त्याने घेतलेलं नाही.

आईने त्याला माळ घालायचं मनात धरलं होतं. पोलादपूरकडे वारकरी पंथ घट्ट रुजलेला आहे. माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत, आणि मी त्याला कमी लेखणार नाही. दादांनाही ते पटलं. फक्त ते म्हणाले, त्याला स्वतःला घालावीशी वाटेल तेव्हा घालू दे. त्याने अजून घातलेली नाही. मात्र शनिवारी भजनाला जातो, पखवाज शिकतो आहे. रात्रपाळी सोडली, पगार कमी झाला.

पुण्याला वरचेवर जाणं प्रत्येक घराला परवडणारं नाही. एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, पावसाळ्यात घाट बंद होतात. मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा 14416 हा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी 14446 आहे. पण आमच्या वाडीत रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागतं, आणि टेकाडावर उभं राहून कोण आपलं मन उघडं करणार? यावर उपाय आहे, आणि तो आपल्या शेजारी करून पाहिलेला आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने तिथल्याच साध्या माणसांना, डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, बोलण्याच्या उपचाराचं शिक्षण दिलं आणि 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. दारूने धोक्याच्या पातळीला पोचलेल्या 377 पुरुषांवर अभ्यास झाला. फार तर चार बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी, ज्यांना त्या बैठका मिळाल्या त्यांच्यातले 36 टक्के धोक्याच्या पातळीतून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले 26 टक्के. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. तो अभ्यास दारूचा होता, एमडीचा नव्हता, आणि शंभरातल्या दहांचा फरक कोणाला लहान वाटेल. ज्या घरातला एक त्या दहांत असेल त्या घराला विचारा.

पोलादपूरला आणि महाडला सरकारी ग्रामीण रुग्णालयं आहेत. तिथे आठवड्यातून दोन दिवस, दार लावता येईल अशी एक खोली आणि ऐकायला शिकलेलं एक माणूस हवं. आमच्या आशाताई हे शिकू शकतील. गावातलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक आहे. असा अर्ज मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला आहे, आणि त्यावर धाकट्याचीही सही आहे, त्याच्या हट्टाने, पूर्ण नावाची. सुरुवातीला कित्येक आठवडे त्या खोलीत कोणी येणार नाही. लोक लाजतील, बाहेरून बघून जातील, दुसऱ्या खेपेला 'डोकं दुखतंय' म्हणून केसपेपर काढतील. तरी ती बंद करू नये, हेही आम्ही अर्जात लिहिलं आहे.